पहाड टाळणाऱ्या मोठ्या बाई

आमच्या मोठ्या बाई खोटं बोलायच्या. हे लिहिताना आजही हात अडखळतो, कारण शाळेत एखादी मुलगी खोटं बोलताना सापडली, तर बाई तिला वर्गाच्या दारात अंगठे धरून उभी करत आणि वर तिच्या आईला बोलावून घेत. मूल या गावच्या मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. गावात त्यांचा दरारा असा, की त्या रस्त्यानं निघाल्या की राइस मिलच्या ओट्यावर बसलेले बाप्ये विड्या मागे लपवत. पण दरवर्षी धानाची कापणी आटोपून थंडी पडली की आम्ही शिक्षिका चार दिवस ताडोब्याच्या जंगलात राहायला जात असू, आणि तिथं पाय ठेवला रे ठेवला की बाई धडधडीत खोटं बोलायला लागत. बरं, ते त्यांना नीट जमतही नसे.

त्या जंगलाला नुकतंच राष्ट्रीय उद्यान म्हणायला लागले होते. म्हणजे काय झालं होतं ते आम्हाला काही कळलं नव्हतं. झाडं तीच होती, वाघही तेच असावेत. आम्ही धानाच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून चांद्याला जायचो, तिथून बैलगाड्या करायचो आणि जंगलखात्याच्या बंगल्यात उतरायचो. बरोबर तांदूळ, लाखोरीची डाळ, जवसाची चटणी आणि डबा भरून मुरमुरे. संध्याकाळी ओसरीवर सतरंजी पसरून बैठक बसे. विषय एकच, उद्या कुठं जायचं. सकाळी निघून दिवस मावळायच्या आत परतता येईल एवढ्याच वाटा आमच्या वाट्याच्या. तलावाच्या काठाकाठानं जाणारी एक, जुन्या रस्त्याकडेच्या दगडी खांबांपर्यंतची दुसरी, बांबूच्या वनातून जाणारी तिसरी. आणि चौथी भिवसनाच्या पहाडाची. वरून म्हणे सगळं जंगल ताटात वाढल्यासारखं दिसे. म्हणे असंच म्हणायचं, कारण आमच्यापैकी कोणीच ते पाहिलं नव्हतं. बाई पहाड काही ठरू देत नसत.

याचं कारण मी होते. लहानपणी मी चालत्या खासरातून, म्हणजे बैलगाडीतून, पडले, वैदूनं हाड बसवलं, आणि ते त्याला हवं तसं बसलं. डावा पाय आखूड राहिला. सपाटीवर मी कोणाला हार जात नसे. चढ आला की मात्र चार पावलांनी मांडीत कळ यायची आणि उतारावर तर माझी मलाच भीती वाटायची. शाळेत लागले तेव्हा मी विशीतली होते, शिवणकाम आणि तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता. पहिल्या वर्षी सहलीचं निघालं तेव्हा मी सरळ सांगितलं, "बाई, मी नाही येत." बाईंनी मान वर न करता विचारलं, "काऊन? स्वयंपाक कोन करन तिथी?" तिथं पोचल्यावर त्यांनी मला चुलीजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही. त्या माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं खोटं.

पहाडाचा विषय काढायच्या त्या गणिताच्या कमलबाई. दणकट बाई, ब्रह्मपुरीच्या. धानाच्या बांध्यांवरून धावत लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्यांनी "उद्या पहाड" म्हटलं की मोठ्या बाईंचं सुरू व्हायचं. "तिकडे आग्या मोहोळ हाय." "तिकडचा नाला भरून वाह्यते." "अमावास्या हाय, पहाडावर जात नाईत." त्यांचं दुर्दैव असं, की जंगलात आमच्याबरोबर येणारा जंगलखात्याचा रखवालदार, म्हणजे नाकेदार, हा अतिशय सरळ माणूस होता. कुऱ्हाड मांडीवर घेऊन तो पायरीवर बसलेला असे. सरकारी माणसासमोर चुकीची माहिती दिली गेली की त्याला राहवत नसे.

"नाल्यात बेंडूक बी नाई जी बाई," तो अदबीनं म्हणे. "पानी कुठचं?"

"भाऊ, तुमाले कोनी इचारलं काय?" बाई म्हणत.

"नाई जी. अन् अमावास्या होऊन गेली."

वर चांगलं टिपूर चांदणं पडलेलं असे. आम्ही पदर तोंडात कोंबून हसायचो, आणि सकाळी मुकाट्यानं तलावाच्या वाटेला लागायचो. हेडबाईंचा शब्द मोडायची कोणाची छाती होणार!

वाटेवरही त्यांची एक युक्ती होती. निघताना त्या मला हाक मारत, "इंदू, तू होय पुढे. तुले पाखरं वळखता येते." मला कावळा आणि चिमणी सोडून एकही पाखरू ओळखता येत नसे. पण मी पुढे असले की सगळ्यांना माझ्या चालीनं चालावं लागे, आणि मागे पडल्याचा प्रश्नच येत नसे. मध्येच एखादा पक्षी ओरडला की सगळ्या माझ्याकडे बघत. मी तोंडाला येईल ते नाव ठोकून द्यायची. बाई गंभीरपणे म्हणत, "पाह्य, मी म्हटलं होतं नं." नाकेदारभाऊ बिचारा आभाळाकडे बघे. पाखरांच्या बाबतीत मात्र त्यानं मला कधी उघडं पाडलं नाही, हे त्याचे उपकार.

एकदा मी बाईंना त्याबद्दल विचारलं. आम्ही दोघीच तलावाच्या काठी बसलो होतो. त्या म्हणाल्या, "मांगं राह्यलेल्या मानसाले जंगल दिसत नाई वो. पुढच्याची पाठ दिसते फक्त. मंग आला कायले तो?" एवढंच बोलल्या आणि कमलबाईंना मुरमुऱ्यांचा डबा आणायला सांगितलं. बाई कोणतीही गोष्ट दोनदा समजावून सांगत नसत, वर्गातही नाही.

पण कारणं कुठवर पुरणार? तिसऱ्या वर्षी कमलबाईंनी रात्रीतच सगळ्यांना फितवलं. सकाळी निघालो ते पहाडाच्याच वाटेनं. मी पुढे होते, आणि पायथ्याचे मोठाले दगड दिसायला लागले. मागे वळून "मी इथंच थांबते" असं म्हणणार, एवढ्यात मोठ्या बाई मटकन एका दगडावर बसल्या. हात छातीवर. "मले दम लागते," त्या म्हणाल्या. "मी काई चढत नाई. तुमी जा सगळ्या." आता आमच्याकडची रीत अशी, की घरातलं वडीलधारं माणूस वाटेत बसलं की पुढे कोणी जात नाही, तिथंच डबे सोडतात. आम्हीही सोडले. कमलबाई तर घाबरून त्यांचे तळपाय चोळायला लागल्या. त्या दिवसापासून पहाडाचा विषय संपला. बाईंना दम लागतो, एवढं एकच कारण उरलं आणि ते नाकेदारालाही खोडता येईना.

मला मात्र त्याच संध्याकाळी कळलं. वानरानं आमची सांबारवड्यांची, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांची, परात पळवली, आणि मोठ्या बाई हातात लाटणं घेऊन त्याच्या मागे बंगल्यामागच्या टेकाडावर अशा धावल्या, की वानरानं परात टाकली आणि झाड गाठलं. बाई खाली आल्या, वड्या झटकल्या. श्वास एवढासाही वाढलेला नव्हता. बाकीच्या तलावावर गेल्या होत्या, बघायला मी एकटीच. मला अंगभर आग लागल्यासारखं झालं. मी म्हटलं, "बाई, माझ्यासाठी हे असलं करत जाऊ नका. मला कोणाची दया नको आहे."

"तुयासाठी कोन करते?" त्या म्हणाल्या. "मले खरंच दम लागते. आता लागला नाई, सकाळी लागला होता."

मी हसले आणि मग रडले. बाईंनी परातीतली वडी उचलून माझ्या हातात दिली. ती वानराच्या हातची होती, तरी मी खाल्ली.

आता बाईंच्या मनात काय होतं ते सांगायला हवं. त्यांचे वडील देवी डॉक्टर होते. गावोगाव फिरून पोरांना देवीची लस टोचायचे. आई लवकर गेल्यामुळे ते लेकीला बरोबर नेत. लहानपणी बाई आलापल्लीपासून भामरागडपर्यंत त्यांच्यामागून पायी हिंडल्या होत्या. तिकडच्या गावांत त्यांच्याच वयाच्या पोरी त्यांच्या पाटीला हात लावून बघत, पेन्सिल नाकाशी धरून वास घेत. ते त्या कधी विसरल्या नाहीत. मुलींच्या शाळांची फिरतीची तपासणीस व्हायचं आणि तिकडे जायचं, तिथं शाळा काढायला लावायच्या, एवढी एकच इच्छा त्यांनी धरून ठेवली होती. लवकर विधवा झाल्या, मूलबाळ नाही, मागेपुढे कोणी नाही. गोष्टी सांगताना मध्येच थांबत आणि म्हणत, "पावसाळ्यात तिथी मोटर नाई, गाडी नाई. पर्लकोटा नदी भरली की गाव तुटून जाते. तिथी पायानंच जा लागते. माये पाय हायेत अजून." वर्षामागून वर्षं अर्ज जात होता. पन्नाशी जवळ येत चालली होती.

बाई त्या दगडावर बसल्याला दोन-तीन वर्षं झाली, त्या हिवाळ्यात नागपूरच्या मोठ्या तपासणीसबाई शाळा पाहायला आल्या. उंच, चष्मा लावणाऱ्या, बोलण्यात स्वच्छ. शाळा त्यांना फार आवडली. आम्ही ताडोब्याला निघणार हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मीही येते. नवीन उद्यान बघायचंच आहे मला." आमच्या मोठ्या बाईंचा चेहरा असा फुलला, की ट्रकमध्ये त्यांनी चक्क गाणं म्हटलं. आम्हाला सगळ्यांना कळत होतं की यंदा बाईंचा अर्ज मंजूर होणार.

संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. पाहुण्याबाई म्हणाल्या, "उद्या त्या पहाडावर जाऊ. वर जायला वाट आहे ना?"

"हाय जी," नाकेदार पायरीवरून म्हणाला. "दुपारपर्यंत जाऊन येनं होते."

आणि कमलबाई बोलल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. बाईंच्या काळजीनंच बोलल्या. "पहाड नको वो बाईसाहेब. आमच्या मोठ्या बाईले दम लागते. दोन-तीन साल झाले, चढ चढवतच नाई तिले. लई जपतो आमी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी गेल्या वर्षीचं सांगितलं, कोणीतरी तुळशीच्या काढ्याचं. आपल्या बाईंवर आपला किती जीव आहे हे पाहुण्यांना दाखवायची जणू चढाओढच लागली. पाहुण्याबाईंनी चष्मा काढला. त्या मोठ्या बाईंकडे वळून म्हणाल्या, "हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत. मी भामरागडच्या बाजूसाठी तुमचंच नाव धरलं होतं. छातीचं दुखणं घेऊन तिकडे कशा फिराल तुम्ही? मला दुसरं कोणीतरी बघायला लागेल."

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. खरं सांगायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यात माझा पाय आला असता, सगळ्या शाळेसमोर आणि नागपूरच्या पाहुण्यांसमोर. त्यांनी सतरंजीचा एक धागा बोटाला गुंडाळला आणि म्हणाल्या, "कधीमधी लागते. रोज नाई लागत."

माझ्यानं बसवेना. मी उठले. आवाज माझा नेहमी बारीक. त्या दिवशी तो कुठून आला कोण जाणे. "बाईंना दम लागत नाही," मी म्हटलं. "कधीच लागला नाही. मला पहाड चढता येत नाही, म्हणून त्या तसं सांगतात."

"बस खाली, इंदू," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नाही बसत. दुखणं त्यांच्या छातीत नाही, माझ्या पायात आहे. ते मोहोळ नव्हतं, नालाही नव्हता. पाखरं मला एक ओळखता येत नाही."

"बस म्हटलं नं तुले!" मोठ्या बाई कडाडल्या. माझ्यावर त्या कधी ओरडल्या नव्हत्या. डोळे पाण्यानं भरले होते आणि रागानं लालही झाले होते. पायरीवरून नाकेदाराचा आवाज आला, "पोट्टी खरं बोलून राह्यली जी." त्याला इतक्या वर्षांनी मोकळं वाटलं असावं.

सकाळी पाहुण्याबाई आणि मोठ्या बाई पहाडाला निघाल्या, नाकेदार पुढे, बाकीच्या मागे. मोठ्या बाई माझ्याकडे न बघता गेल्या. मी ओसरीवर बसून राहिले. थोड्या वेळानं बघते तर कमलबाई सूप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसलेल्या. इतकी वर्षं पहाड पहाड करणारी बाई! मी म्हटलं, "तुम्ही नाही गेलात?" त्या तांदळातले खडे वेचत म्हणाल्या, "माया पाय मुरगळला." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना हसू आवरेना, आणि मलाही. त्या दिवशी आम्ही दोघींनी बांबूच्या वनातून लांबवर चक्कर मारली. मोराचं एक पीस सापडलं, ते त्यांनी मला दिलं.

मंडळी परतली तेव्हा नागपूरच्या बाईंच्या टाचांना फोड आले होते, चष्म्याची काडी वाकली होती आणि त्या घटाघटा पाणी पीत होत्या. मोठ्या बाई आल्या तशा चुलीकडे गेल्या आणि भाताचं आधण ठेवलं. पाहुण्याबाई खुर्चीत टेकून म्हणाल्या, "या बाईंना दम लागतो म्हणे! दम तर मला लागला." निकाल तिथंच लागला. पुढे हुकूम यायचा तो आलाच.

मोठ्या बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे कामापुरतं बोलत, पण ते बोलणं नव्हे. होळी झाली, परीक्षा झाल्या, मोहाची फुलं वेचून संपली, तरी नाही. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं आणि त्या आनंदातही होत्या. तिकडे न्यायच्या पाट्या मोजून बांधत होत्या. पण मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं होतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, त्यांनी इतक्या निगुतीनं झाकून ठेवलेलं मी स्वतःच उघडं केलं होतं. त्याचं त्यांना दुःख होतं असं मला वाटतं. मला तर दोन्हीकडून सोसावं लागलं. बोलले म्हणून बाई दुरावल्या, आणि बोलले म्हणूनच त्या आता जाणार होत्या. नसते बोलले तर माझ्याच शाळेत राहिल्या असत्या, दर हिवाळ्यात माझ्यासाठी नवी कारणं शोधत. हे कळूनसुद्धा मी पुन्हा तसंच बोलले असते.

त्यांनी तिकडे खूप काम केलं. पावसाळ्यात कमरेइतक्या पाण्यातून शाळा गाठणाऱ्या बाई म्हणून आलापल्लीच्या मोटारस्टँडवर लोक त्यांची गोष्ट सांगत. भामरागडकडच्या पहिल्या मुली चौथी पास झाल्या तेव्हा त्यांनी त्यांना मूलला आणलं, माझ्या वर्गात बसवलं आणि मला त्यांच्यासाठी परकर शिवायला लावले. निवृत्तीनंतरही त्या तिकडेच राहिल्या आणि तिकडेच गेल्या. मला कळलं तेव्हा नदीला पूर होता, जाता आलं नाही. पण त्यांची आठवण आली की मला तो पूर आठवत नाही, त्या मूलहून निघाल्या तो दिवस आठवतो.

गडचिरोलीची मोटार सकाळची होती. शाळेच्या सगळ्या मुली, शिक्षिका, गावातले लोक आधीच स्टँडवर जाऊन थांबले होते. मी मुद्दाम मागे राहिले होते. निरोप घ्यायचा तर काय बोलून घेणार? शाळेच्या फाटकाशी उभी होते तर बाई आतून आल्या. सामान पुढे गेलेलं. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि चालायला लागल्या. शाळेपासून स्टँडपर्यंतचा रस्ता चढाचा. मांडीत कळ आली तशी मी थांबले, त्याही थांबल्या. पुन्हा चाललो, पुन्हा थांबलो. तिकडे मोटारीचा भोंगा वाजत होता. मी म्हटलं, "बाई, तुम्ही व्हा पुढे." त्यांनी हात आणखी घट्ट धरला.

कोपऱ्यावर आलो तर कमलबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून ओरडत होत्या. "अवो बाई, मोटर सुटून राह्यली! काऊन वो इतका उशीर?"

बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गात हजेरी घेतात तसं सांगितलं, "इंदूचा पाय दुखते. तिच्या चालीनं येऊन राह्यलो आमी. थांबव मोटर."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. सगळे आमच्याकडे बघत होते, माझ्या पायाकडेही बघत होते. मी बाईंच्या हाताला धरून तशीच, लंगडत, सगळ्यांच्या मधून चालत गेले. पायाची लाज त्या दिवशी वाटली नाही, पुढेही कधी वाटली नाही. रडू आलं ते बाई जात होत्या म्हणून.